चार बोटे पुढे

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि मत्सरी आहे. दोन्ही विधाने सारखीच खरी असल्यामुळे दुसरेही आरंभीच सांगून टाकतो. मत्सरी साक्षीदाराची साक्ष बाद ठरत नाही. पण ऐकणाऱ्याने ती दोनदा तपासून घ्यावी. तुम्हीही तसेच करा.

माझा जन्म १९७८ साली जपानमधल्या एका कारखान्यात झाला. माझे अंग पितळेचे आणि ॲल्युमिनियमचे, वर काळे खडबडीत कातडे, आणि डोक्यावर एक त्रिकोणी उंचवटा. हा उंचवटा शोभेचा नाही. त्याच्या आत काचेचा लोलक आहे. लेन्समधून आलेला प्रकाश माझ्या पोटातल्या तिरप्या आरशावर पडतो, आरसा तो वर फेकतो, वरच्या दुधी काचेवर चित्र उमटते, आणि लोलक ते चित्र सरळ करून तुमच्या डोळ्यापर्यंत पोचवतो. बटण दाबले की आरसा क्षणभर वर उचलला जातो आणि तोच प्रकाश मागच्या फिल्मवर पडतो. या व्यवस्थेला एक अट आहे. लेन्सपासून दुधी काचेपर्यंतची वाट आणि लेन्सपासून फिल्मपर्यंतची वाट तंतोतंत सारखी असली पाहिजे. तरच डोळ्याला जे स्पष्ट दिसले ते फिल्मवर स्पष्ट येते. ही अट लक्षात ठेवा. माझा सगळा तोरा आणि माझी सगळी नामुष्की तिच्यात आहे.

माझ्यासोबत त्याच खोक्यातून एक लेन्स आली. पन्नास मिलिमीटरची, सहा काचांची. तिच्यात मोटर नाही, बॅटरी नाही. बोटांनी तिचे कडे हळूहळू फिरवावे आणि समोरची वस्तू धुक्यातून बाहेर यावी, एवढेच तिचे कौशल्य. पण त्या कौशल्यात तिला तोड नव्हती. पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ ती माझ्या तोंडावर बसून होती. इतक्या सहवासानंतर कोण कोणाचे, हा प्रश्न पडत नाही. मला तो कधीच पडला नव्हता.

खोपोलीजवळ साजगावातल्या एका धातूच्या कारखान्याने आम्हांला विकत घेतले. तेथील प्रयोगशाळेत तुटलेले दांडे आणि तडा गेलेली चाके तपासणीसाठी येत. आम्ही त्यांचे फोटो काढायचे. प्रत्येक तुकड्याशेजारी फूटभर लांबीची स्टीलची पट्टी ठेवली जाई, म्हणजे तडा किती लांब हे फोटोवरून कळे. "पट्टी नसलेला फोटो म्हणजे अफवा," असे प्रयोगशाळेचे साहेब म्हणत. माझा स्वभाव त्या खोलीत घडला. आजही कोणी "खूप मोठे" म्हटले, की मला विचारावेसे वाटते, किती मिलिमीटर?

फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत दशरथ ओव्हाळ नावाचा तरुण मदतनीस होता. चौक गावचा, बावीस वर्षांचा, कमी बोलणारा. वर्षभरात साहेबांनी मलाच त्याच्या हाती दिले, कारण त्याचा फोकस चुकत नसे. तो श्वास रोखून कडे फिरवी, नेमक्या जागी थांबे आणि मग बटण दाबे. लगेच त्याचा उजवा अंगठा माझ्या कोपऱ्यातली खटकी ओढून फिल्म पुढे सरकवी. करर्र, खट्. ती खटकी आणि तो अंगठा यांची इतकी गट्टी जमली, की खटकीवरचा काळा रंग जाऊन तेथे अंगठ्याच्या आकाराचे पितळ उघडे पडले. ते आजही आहे. पडताळून पाहता येईल.

एके दिवशी कारखान्याच्या आवारात मातीकामाला आलेल्या बायकांपैकी एक प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. चौकच्या वर डोंगरात ठाकरवाडी आहे, तिथली गंगाबाई. ती बराच वेळ आमचे काम पाहत होती.

"आरं पोरा, सकाळधरनं ह्या मोडक्या लोखंडाचंच फोटू काडतोस," ती म्हणाली. "धडधाकट मानसाचा काडलास तर तुजा सायब मारल का?"

रोलात एक फोटो शिल्लक होता. दशरथने तिला दाराच्या उंबऱ्यावर बसवले, आणि सवयीने तिच्या खांद्याशेजारी, चौकटीला टेकवून, स्टीलची पट्टी उभी केली.

"हे काय रं? मी काय फुटलीया का, मला पट्टी लावतोस?"

ती इतकी हसली, की फोटोत तिचे दात मोजता येतात. तो फोटो दशरथ वाडीवर जाऊन तिला देऊन आला. दुसऱ्या वर्षी तिने निरोप धाडला, की यंदाचा फोटो राहिला आहे. तिसऱ्या वर्षी अख्ख्या वाडीने धाडला. पुढे कारखान्याने नवी यंत्रे घेतली आणि आम्हांला मोडीत काढले. तेव्हा दशरथने मला, लेन्सला आणि त्या पट्टीला मागून घेतले आणि चौकला, जुन्या महामार्गाच्या कडेला, फोटो स्टुडिओ टाकला. पण वाडीचा रिवाज मोडला नाही. दर हिवाळ्यात, वालाच्या शेंगा भरल्या आणि त्या मडक्यात भाजण्याची पोपटी लागायला लागली, की एका सकाळी आम्ही वर जायचो. प्रत्येक घरातले वडीलधारे माणूस आपापल्या उंबऱ्यावर बसे, शेजारी पट्टी उभी राही, आणि फोटो निघे. पट्टी काढून ठेवली तर गंगाबाई रागावे. "पट्टीबिगर फोटू कसला? मी वाडले का घटले, कळाया नको?" परत येताना दशरथच्या पिशवीत वालाच्या शेंगा असत. मी त्या शेंगांवर आरामात बसून खाली येई. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम प्रवास कोणता, असे विचारले तर उत्तर हेच आहे.

लग्नांचे काम पुढे नव्या डिजिटल कॅमेऱ्यांकडे गेले. त्यांचा मला मत्सर वाटला नाही. ते माझ्यासारखे दिसत नव्हते आणि माझी लेन्स मागत नव्हते. नोकरीला आले, नोकरी करून गेले. वाडीच्या फोटोंसाठी मात्र दशरथ मलाच नेई, आणि फिल्म स्वतःच्या हाताने धुई.

आता जपणुकीबद्दल सांगायला हवे. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही बुरशी येते. मग लेन्स कशी सुटेल? बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेवर पसरले की लेन्स संपली. त्यावर दशरथने एक उपाय केला होता. पत्र्याच्या कपाटात चाळीस वॅटचा दिवा लावून ठेवायचा, तो चार महिने विझू द्यायचा नाही. दिव्याच्या उबेने कपाटातली हवा कोरडी राहते. उपाय योग्य होता. इतक्या पावसाळ्यांनंतरही लेन्सच्या काचेवर एक धागा नाही. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. माझ्या पोटात, आरशाच्या वरच्या अंगाला, काळ्या स्पंजाची एक अरुंद पट्टी आहे. वर उसळणारा आरसा तिच्यावर हळुवार आपटावा म्हणून. असा स्पंज उबेत आणि दमटपणात वर्षानुवर्षे राहिला, की कुजून डांबरासारखा चिकट होतो. त्यात दिव्याचा वाटा किती आणि वयाचा किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. एवढे खरे, की लेन्स ज्या उबेत शाबूत राहिली त्याच उबेत मी आतून वितळत होतो, आणि मला ते कळले नाही. मी स्वतःला आरोग्यसंपन्न समजत होतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी वाडीचे फोटो धूसर आले. उन्हात काढलेले ठीक होते. ओटीच्या सावलीत, उंबऱ्यावर काढलेले सगळे बिघडले होते. त्यामागे कारण आहे. उन्हात लेन्सचे छिद्र लहान ठेवता येते, आणि लहान छिद्र चुका पोटात घालते. सावलीत छिद्र पूर्ण उघडावे लागते. मग चूक लपत नाही. गेल्या हिवाळ्यात तेच पुन्हा झाले. गंगाबाई आता ऐंशीच्या घरातली. ती काठी समोर रोवते, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवते आणि हातांवर हनुवटी टेकवून बसते. फोटो हातात घेऊन तिने तो लांब धरला, जवळ धरला.

"दशरथ, माज्या बोटांची नखं दिसत्यात, नखातली मातीबी दिसती. डोळं कुटं गेलं रं माजं?"

"तुजं नाय गं मावशे," दशरथ म्हणाला. "माजं गेलं."

ती थट्टा करत होती. त्याने ती निदान म्हणून घेतली. पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की चष्म्याचा नंबर तोच आहे, मोतीबिंदू अगदी कोवळा आहे, काळजी नको. दशरथला वाटले, डॉक्टर वयाकडे पाहून समजूत घालत आहेत. त्याने मला काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवले आणि स्टुडिओत झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एवढेच चालू ठेवले. पासपोर्ट फोटोचा कॅमेरा फोकस आपोआप करतो. दशरथ समोरच्या माणसाला "सरळ बसा" म्हणे, आणि बटण दाबताना दुसरीकडे पाही.

खरे सांगतो, मी सुखी होतो. वरच्या फळीवरून रस्ता दिसत होता. येणारे लोक माझ्याकडे बोट दाखवून "काय मजबूत चीज होती!" म्हणत. लेन्स माझ्या तोंडावर होती. दशरथचा डोळा अधू झाला याचे मला वाईट वाटत होते. पण त्याचा डोळा अधू आहे, याचाच अर्थ मी निर्दोष आहे, हा हिशेबही मला मनातल्या मनात जमत होता.

यंदा पोपटीचे दिवस आले आणि गेले. दशरथ वर गेला नाही. मग एका बाजाराच्या दिवशी गंगाबाईची सून पारू स्टुडिओच्या दारात उभी राहिली. डोक्यावर पाटी, कडेवर पोर.

"दादा, यंदा येयाचं नाय का?"

"डोळं गेलं गं पारू. दुसरा कोन फोटोवाला बघा. मोबाइलवर काढा, चांगलं येतात."

"मोबाइलचा दाखवला मी सासूला. तर म्हनली, पट्टी कुटं हाय?" पारूने पाटी सावरली. "रोज न्हाऊन, नवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसती. दुपारपातूर तशीच बसून ऱ्हाती. म्हनती, पट्टीवाला येयाचा हाय. आता तिला काय सांगू, तुमीच सांगा."

पारू निघून गेल्यावर त्याने स्टीलची पट्टी टेबलाच्या खणातून काढली, रुमालाने पुसली आणि पुन्हा खणात ठेवली.

त्या रविवारी हर्षला आली. ही दशरथची मुलगी. दहिवलीला राहते आणि कर्जतच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिने पिशवीतून एक खोका काढला, आणि खोक्यातून तो.

मित्रांनो, मी शक्य तितके वस्तुनिष्ठ वर्णन करतो. तो नवा होता आणि जुना दिसत होता. काळे खडबडीत कातडे: माझे. चंदेरी कडा: माझ्या. वर आकडे कोरलेल्या चकत्या: माझ्यासारख्याच. डोक्यावर त्रिकोणी उंचवटा: तोही होता, पण त्यात लोलक नव्हता, एक इवलासा दूरदर्शन संच होता. फिल्म नसल्यामुळे फिल्म ओढणारी खटकीही नव्हती. त्या जागी कोपरा गुळगुळीत होता. आणि त्याच्या पोटात आरसा नव्हता. या जातीच्या कॅमेऱ्यांना नावच मुळी बिनआरशाचे असे आहे. चेहरा माझा उचलायचा आणि काळीज गाळायचे, याला काय म्हणावे, ते मी येथे लिहीत नाही.

"पप्पा, हा तुमच्यासाठी," हर्षला म्हणाली. "आणि याला तुमचीच जुनी लेन्स लागते. मधे एक कडे लावायचे."

"मला नको. डोळा नाय तर कॅमेरा घेऊन काय करू? लोणचं घालू?"

"घाला. पण आधी एक फोटो काढा."

तिने मला फळीवरून उतरवले, बटण दाबले आणि लेन्स फिरवली. कट्ट. चाळीसहून अधिक वर्षांचा सहवास एका आवाजात सुटला. मग तिने ते कडे हाती घेतले. धातूचे, दोन-अडीच सेंटिमीटर जाड आणि आतून पूर्ण पोकळ. त्यात काच नाही, यंत्र नाही, काहीच नाही. ते फक्त अंतर राखते. माझ्या आरशाला हालचालीसाठी जेवढी जागा लागत असे, तेवढी रिकामी जागा त्या कड्यात धरून ठेवली होती. माझ्या आयुष्याचे मोजमाप काढून त्याची पोकळी बनवली होती, आणि लेन्स त्या पोकळीच्या टोकाला निमूटपणे बसली. ती जरा तरी कुरकुरेल, असे मला वाटले होते. कुरकुरली नाही.

माझे तोंड उघडेच राहिले. हर्षलाने त्यावर प्लास्टिकचे झाकण बसवले.

मी मनोमन एकच इच्छा केली, की फोटो धूसर यावा. म्हणजे दशरथचा डोळा निकामी ठरावा. माझ्या जन्मभराच्या साथीदाराचे वाईट मी चिंतले. मत्सर माणसाला काय करायला लावतो ते मला ठाऊक नाही. कॅमेऱ्याला हे करायला लावतो.

हर्षला स्टुडिओच्या ओटीवर, सावलीत बसली. दशरथने कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच काढला. "ह्या लाल लाल रेघा काय नाचतात?"

"जिथे फोकस आहे तिथे रेघा येतात. मदत म्हणून."

"बंद कर. मला मदत नको."

तिने रेघा बंद केल्या. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडले होते. दशरथने श्वास रोखला, लेन्सचे कडे फिरवले, थांबला, किंचित मागे आणले, बटण दाबले. हर्षलाने फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. तिच्या पापण्यांचे केस सुटे सुटे मोजता येत होते.

"यंत्राने केलं," दशरथ म्हणाला.

"पप्पा, या लेन्सला मोटर आहे का?"

"नाय."

"मग कडे कोणी फिरवले? मी तर इकडे बसले होते."

दशरथने आणखी नऊ फोटो काढले. नऊही अचूक आले. तो खुश व्हायला हवा होता, उलट चिडला. "मग गंगामावशीचे फोटो दोन वर्षं कसे बिघडले? तेव्हा कोन फिरवत होतं?"

हर्षलाने बिघडलेले फोटो मागितले. दशरथने ते जपून ठेवले होते. अपयश फेकून देऊ नये, ही कारखान्याची शिकवण. तिने झेरॉक्सच्या टेबलावर दोन हिवाळ्यांचे चव्वेचाळीस फोटो पसरले आणि एकेक करून पाहू लागली. गंगाबाईचे डोळे धूसर, बोटे स्पष्ट. बुधाजीचे डोळे धूसर, पुढे आलेल्या मिशा आणि विडी धरलेला हात स्पष्ट. हिरूचे डोळे धूसर, मांडीवरच्या नातवाचा कान स्पष्ट. वीसेक फोटो झाल्यावर ती थांबली.

"पप्पा, यातले किती फोटो चेहऱ्याच्या मागे स्पष्ट आहेत? म्हणजे मागची भिंत, कान, दाराची कडी?"

दशरथने पाहिले. बराच वेळ पाहिले. "एकबी नाय."

"सगळे पुढेच. चार बोटे पुढे." तिने गंगाबाईच्या फोटोवर आपली चार बोटे आडवी ठेवली. "डोळा अधू असता तर तो कधी पुढे चुकला असता, कधी मागे. तुमचा डोळा काय ठरवून दर वेळी एकाच बाजूला पडतो? जी चूक नेहमी एकाच दिशेला, एकाच मापाने होते, ती माणसाची नसते. ती यंत्राची असते."

दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिले.

पुढचा प्रयोग मला नको होता. पण तो निर्दोष होता, हे मान्य करावे लागेल. हर्षलाने लेन्स परत माझ्यावर चढवली. (मला आनंद झाला. आरोपीला पोशाख चढवतात तसे ते होते, हे नंतर कळले.) दाराबाहेर उन्हात टेबलावर तीच जुनी स्टीलची पट्टी, शून्याचे टोक माझ्याकडे करून, तिरपी ठेवली. दशरथने माझ्यातून पाहत पंधराच्या आकड्यावर फोकस केला, आणि मला हलू न देता घट्ट बसवले. मग हर्षलाने माझी पाठ उघडली, जिथे फिल्म असते तिथे नकाशे काढण्याचा पारदर्शक कागद ताणून चिकटवला आणि त्याच्यापुढची झडप उघडी धरली. कागदावर पट्टीचे उलटे, चिमुकले चित्र पडले. तिने त्यावर भिंग धरले.

"वाचा, पप्पा."

दशरथ वाकला. पंधरा अंधूक होता. चौदाचा आकडा कोरल्यासारखा दिसत होता.

जवळून पाहताना एक सेंटिमीटर, म्हणजे उंबऱ्यावर बसलेल्या माणसाच्या अंतराला चार बोटे. हर्षलाने आकडेमोड करून सांगितले, की आत कुठेतरी एक दशांश मिलिमीटरचा फरक असावा. एका कागदाच्या जाडीइतका. तिने विजेरी माझ्या पोटात रोखली. जिथे आरसा खाली येऊन टेकतो त्या टेकूवर, कुजलेल्या स्पंजाचा एक काळा चिकट ठिपका पडून सुकला होता. आरसा त्याच्यावर टेकत होता, आणि कागदाच्या जाडीइतका वर राहत होता. डोळ्याची वाट आणि फिल्मची वाट आता सारखी नव्हती. मी दशरथला एक दाखवत होतो आणि फिल्मला दुसरे सांगत होतो. दोन वर्षे मी खोटे बोललो, आणि डोळा अधू ठरला तो त्याचा.

मित्रांनो, मला हे आधी कळायला हवे होते का? तेच चव्वेचाळीस फोटो माझ्याही पोटातून गेले होते. एकही मागे चुकला नाही, हे मोजायला मला कोणी अडवले नव्हते. जन्मभर मापपट्टीशेजारी राहूनही मी स्वतःला पट्टी लावली नाही. ज्याच्या पोटात आरसा नाही म्हणून मी त्याला हिणवले, त्याला फसवायला आरसाच नव्हता. जे चित्र टिपायचे तेच तो डोळ्याला दाखवतो. हे त्याचे चारित्र्य नव्हे, ही त्याची रचना आहे. पण परिणाम तोच.

दशरथ रागावला नाही. तो भिंग हातात धरून खुर्चीवर बसला, चष्मा काढला आणि डोळे पुसले. "चौदा," तो म्हणाला. "मला चौदा स्पष्ट वाचता आलं, हर्षू. डोळा चांगला हाय माजा." एवढेच तीनदा म्हणाला.

हर्षलाने दात कोरायची काडी स्पिरिटमध्ये भिजवून तो ठिपका खरवडला. कुजलेला स्पंज काढून नवी अरुंद पट्टी कापून चिकटवली. स्पंज मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून आणला. बोटाच्या पेराएवढा लागला. पुन्हा कागद, पुन्हा पट्टी. पंधरावर फोकस, कागदावर पंधरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दशरथ आणि हर्षलासोबत आम्ही वाडीवर गेलो. नवा कॅमेरा आणि मी, दोघेही एकाच पिशवीत. लेन्स त्याच्यावर होती. मी तक्रार केली नाही, कारण मला तो हक्क उरला नव्हता. पण वाटेत प्रत्येक ठेचेला मी त्याच्यावर आपटत होतो, हे अगदीच अपघाताने घडले असे म्हणणार नाही.

गंगाबाई उंबऱ्यावर होती. नवे लुगडे, तेल लावलेले पांढरे केस, काठीवर हात, हातांवर हनुवटी.

"आलास? मला वाटलं, मी मेल्यावर पट्टी घेऊन येतोस का काय."

"डोळं बिघडलं असं वाटलं गं मावशे."

"मग?"

"कॅमेरा बिघडला होता."

"अन् सोताला बोल लावत बसलास व्हय दोन वरीस? येडा रं येडा." मग तिने दोन्ही कॅमेऱ्यांकडे पाहिले. "ह्यो जुनाच हाय. अन् ह्यो बी जुनाच. दोन-दोन कशाला? मी काय जुळी हाय?"

पट्टी उभी राहिली. दशरथने नव्या कॅमेऱ्याने फोटो काढला, आणि बटण सुटताक्षणी त्याचा उजवा अंगठा आपसूक कोपऱ्याकडे गेला. तेथे खटकी नव्हती. अंगठा गुळगुळीत धातूवरून घसरला, थांबला आणि परत आला. दुसऱ्या फोटोला तेच. तिसऱ्याला तेच. ही केवळ स्नायूंची सवय आहे. तिला प्रेम म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही. मी फक्त निरीक्षण सांगतो. तो अंगठा माझ्या खटकीसाठी तीनदा हलला.

गंगाबाईला पडद्यावर तिचा फोटो दाखवला. तिने डोळे बारीक केले. "हां. आता मी हाय." मग पारूकडे वळून म्हणाली, "बग गं, डोळं अजून धारदार हायत माजं. तू ताकात पानी घालतीस ते दिसतंय."

सगळे हसले. हर्षलाने तेवढ्यात लेन्स काढून माझ्यावर बसवली. माझ्यात नव्या रोलाचा पहिला फोटो तयार होता. ती मला दशरथच्या हाती देणार, तोच गंगाबाईने काठी उंबऱ्यावर आपटली.

"थांब. इतकी वरसं तू आमचं काडतोस. तुजा कोन काडनार? बस हितं."

"माजा कशाला गं..."

"बस म्हन्ते ना! पट्टी घे बाजूला."

तो उंबऱ्यावर बसला. शेजारी चौकटीला ती पट्टी. हातांचे काय करावे ते त्याला कळेना, म्हणून त्याने नवा कॅमेरा गुडघ्यांवर उभा धरला आणि त्याच्यावर गंगाबाईसारखी हनुवटी टेकवली. त्या वेळी नव्या कॅमेऱ्याच्या तोंडावर लेन्स नव्हती. प्लास्टिकचे झाकण होते. लेन्स माझ्याकडे होती. हर्षलाने मला डोळ्याला लावले, श्वास रोखला आणि कडे फिरवून बापाच्या डोळ्यांवर आणले.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. जुन्या वस्तू केवळ उबेत ठेवून जपू नका. मधूनमधून उघडून, आत उजेड टाकून जपा. काही सतत बिघडू लागले, तर आपल्या डोळ्याला दोष देण्याआधी चूक कोणत्या दिशेला होते ते मोजा. आणि तुमच्याच पोटात काही कुजत असेल, तर कोणी पाठ उघडेल तेव्हा झाकण धरून बसू नका. मी बसलो असतो, तर आज एखाद्या भिंतीवर शोभेला असतो, आणि गंगाबाई अजून उंबऱ्यावर वाट पाहत असती.

तो रोल दशरथने स्वतः धुतला. त्याचा फोटो स्टुडिओत माझ्या फळीखाली लावला आहे. डोळे पापण्यांच्या केसापर्यंत स्पष्ट आहेत. हनुवटीखाली, डोळ्यांच्या चार बोटे पुढे, नवा कॅमेरा आहे. तो अंधूक आला आहे. हे प्रकाशाच्या नियमाने झाले; त्यात माझा काही हात नाही. मला आनंद झाला, हे मात्र नोंदवून ठेवतो.